घटका मोजणारा नंदक आणि पाणी वाहणारं गाढव

शेवट ओळखून दाखवा, चला, लावा पैज! लई शहाणे बघितलेत मी, मधेच तोंडावर आपटलेत.

तर पूर्वी शंखवती नगरात भद्रसेन राजाचं राज्य होतं, तेव्हा बोधिसत्त्व गाढवाच्या जन्माला आले होते. हसू नका. गाढव होते, पण माणसासारखं बोलता यायचं त्यांना. उगीच बोलत नव्हते, एवढंच.

राजवाड्याच्या बुरुजावर नंदक नावाचा माणूस घटका मोजायचा. हंड्यातल्या पाण्यावर भोकाची वाटी सोडायची. ती बुडली, की एक घटका झाली. मग काशाच्या थाळीवर टोला हाणायचा. त्या टोल्यावर सगळं नगर चालायचं. मोजणी चुकू नये म्हणून राजाचा हुकूम होता, की नंदकाशी कुणी बोलायचं नाही. बोलेल त्याची वाचा काढून घेऊ. जेवणाचं ताटसुद्धा दाराबाहेर ठेवून माणूस पळायचा.

नंदक मूळचा बडबड्या. दोन वर्षांत वाळून काटकी झाला. वाटी बुडायची, हा भिंतीकडे बघत बसायचा. दोनदा टोला चुकला. एकदा तर भर सकाळी बाजार उठला! राजा म्हणाला, "तिसऱ्यांदा चुकला, तर हात तोडा."

हंड्याचं पाणी वर न्यायचं काम बोधिसत्त्वांचं. त्यांनी नंदकाचा चेहरा बघितला नि म्हणाले, "काय रे नंदका, जेवलास का?"

नंदक दचकला. "अरे गाढवा, तू बोलतोस?"

"तू गप्प बसलास, मग कुणीतरी बोलायला नको? ती वाटी बघ आधी, बुडायला आलीय."

नंदकानं टोला हाणला. बरोब्बर पडला. मग हसला, आणि हसता हसता रडला.

रोज गप्पा चालल्या. कुणाची म्हैस व्याली, कुणाची सासू रुसली. नंदकाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दोन महिन्यांत एक टोला चुकला नाही. पण हसण्याचा आवाज खाली गेला आणि राजा स्वतः वर आला.

"कोण बोललं याच्याशी?"

नंदक पाया पडला. "महाराज, हात माझा तोडा. याला काही करू नका. याच्यामुळं मी माणसात आलो."

बोधिसत्त्व पुढं झाले. "मी बोललो, महाराज. दोन महिने टोले मोजलेत ना तुम्ही? कुठं चुकला?"

राजा म्हणाला, "एकदाही नाही. चूक माझी होती. पण हुकूम मोडलाय. भर दरबारात दिलेला शब्द मी गिळू कसा?"

"मग घ्या माझी वाचा. फक्त आजपासून नंदकाच्या जोडीला एक माणूस बसवा, बोलणारा."

राजानं हात जोडले आणि कबूल केलं.

आता ऐका. तो राजा म्हणजे पुढच्या जन्मी तथागतांच्या विहारात कामं वाटून देणारा भिक्खू. त्यानं ज्याला अंगण एकट्यानं झाडायला लावलं, तो भिक्खू म्हणजे नंदक. आणि त्या झाडणाऱ्याच्या शेजारी दुसरा झाडू घेऊन जे उभे राहिले, ते तथागत तेव्हा गाढव होते. याला मैत्री म्हणायची.

तर तिकडं बुरुजावर नंदकाला जोडीदार मिळाला. तरी रोज पाणी आलं, की तो गाढवाच्या गळ्यात हात टाकून म्हणायचा, "जेवलास का रे?" बोधिसत्त्व कान हलवायचे. बोलता मात्र त्यांना त्या जन्मात पुन्हा आलं नाही.