शिंपिणीचं घरटं

फार पूर्वी एका रानात वडावरचा पोपट कोणाला काय काम करून हवंय ते ओरडून सांगायचा. चोचीने पानं शिवणारी शिंपीण पक्षीण काम मिळवायला रोज तिथे जाई.

“आधी नमुन्याचं घरटं शिवून दे, मग बघू,” गिऱ्हाईक म्हणे. नमुना ठेवून घेई आणि काम दुसऱ्यालाच देई.

“अगं, आपलं घरटं कधी शिवणार?” नवरा विचारी.

“एवढं एक काम मिळू द्या हो.”

शेवटी तिला उघड्या फांदीवरच अंडं घालावं लागलं. वाऱ्याने ते खाली पडून फुटलं.

दुसऱ्या दिवशी ती वडावर गेली नाही. नवऱ्याने दोन पानं जवळ ओढून धरली, तिने टाके घातले. घरटं सुरेख झालं. त्या वर्षी ते रिकामंच राहिलं.