हैबतफुलाचा मुजरा

हैबतराजांनी बासुंदीचा पहिला घोट घेतला आणि वाटी भिंतीवर भिरकावली. बासुंदी कडू होती.

आचाऱ्याला धरून आणलं. तो म्हणाला, दूधच कडू. गवळ्याला आणलं. तो म्हणाला, गाईच कडू चरतात. गाईंच्या मागोमाग शिपाई गायरानात गेले, तिथं जिकडंतिकडं एकच झुडूप माजलेलं पाहिलं, आणि सगळे दोन पावलं मागं सरले. कारण ते महाराजांनी स्वतः आणलं होतं.

काही वर्षांपूर्वी दर्यापलीकडच्या एका व्यापाऱ्याकडून महाराजांनी पांढऱ्या फुलांचं रोप घेतलं, राजवाड्याच्या बागेत लावलं आणि त्याला आपलं नाव दिलं, हैबतफूल. फुलानं नाव राखलं. आधी बाग गिळली, मग तट ओलांडला, आणि गावाच्या गायरानात असं पसरलं की गुरांना गवत हुडकावं लागे आणि गवतात गळलेल्या पाकळ्याही त्याबरोबर पोटात जात. अंगाला लागलं की खाज सुटे. गावात कुणी अंग खाजवू लागला की लोक हळूच म्हणत, "याला महाराज लागले." पण फुलाला उघडपणे तण म्हणायची कुणाची छाती नव्हती.

बासुंदीनं मात्र महाराजांचं मन पालटलं. त्यांनी राजवैद्य निळोपंतांना कामाला लावलं. पंतांनी जालीम औषध काढलं, पानाला लागलं की मुळापर्यंत उतरणारं. गायरानाच्या एका कडेला ते शिंपडलं. हैबतफूल मेलं. गवतही मेलं.

"हे काय करून ठेवलंत?" महाराज गरजले.

"औषधाला काय कळतं, महाराज, कोण आपलं नि कोण परकं?" पंत पुटपुटले.

झालं! महाराज हट्टाला पेटले. "हेच औषध वापरायचं. फूल मेलं पाहिजे आणि गवताची एक काडी पिवळी पडता कामा नये. करून दाखवील त्याला मागेल ते देईन. पावसाळा सरेपर्यंत जमलं नाही, तर गायरानाला कुंपण घालून शिकारीचं रान करीन. मग तुमची गुरं तुमच्या माजघरात चारा."

दवंडी गावातल्या धुरपानंही ऐकली. तिच्या शेळ्यांना गायरानाशिवाय दुसरं रान नव्हतं, आणि तिला शेळ्यांशिवाय दुसरं कुणी नव्हतं. ती दिवसभर बांधावर बसून राहिली. समोर शेळ्या चरत होत्या. गवत ओरबाडायच्या, हैबतफूल आलं की नाक मुरडून पुढं जायच्या. बघता बघता धुरपा एकदम उठली, लुगडं झटकलं आणि तडक राजवाड्यावर गेली.

"महाराज, गायरान मी साफ करते."

"राजवैद्य हरले तिथं तू?"

"पंत कुठं हरले? औषध चोख आहे. फक्त आंधळं आहे. त्याला निवड करता येत नाही, माझ्या शेळ्यांना येते."

"म्हणजे शेळ्यांना विष पाजणार?"

"छे. त्यांना पोटभर जेवू घालणार. गावची सगळी गुरं एकदम गायरानात सोडू द्या. पंतांचं औषध द्या. आणि आपले जुने फेटे द्या."

दरबारात कुणीतरी उगाच खोकलं. महाराजांनी भुवया चढवल्या. "फेटे कशाला?"

"हैबतफूल दुसऱ्या कुणापुढं मान तुकवायचं नाही, महाराज."

हे मात्र महाराजांना पटलं. फेट्यांचं गाठोडं आलं.

गायरानात गाई, म्हशी, मेंढ्या, शेळ्या एकदम शिरल्या. त्यांनी गवत असं खाल्लं की जमिनीलगत खुंटं उरली. हैबतफुलाला एकीनंही तोंड लावलं नाही. गुरं बाहेर काढली, तेव्हा सगळं गायरान भादरल्यासारखं दिसत होतं आणि त्यात हैबतफूल तेवढं मांडीभर उंच, ताठ उभं होतं.

धुरपानं फेट्यांना पीळ देऊन जाड दोर वळला, औषधात बुडवला आणि थेंब गळणार नाही इतका पिळला. हाताला फडकी गुंडाळून एक टोक तिनं धरलं, दुसरं पंतांच्या हाती दिलं.

"पंत, गुडघ्याच्या खाली येऊ देऊ नका. खाली गवत आहे."

"आणि माझे गुडघे दुखले तर?"

"वैद्य आपण आहात."

दोघं गायरानभर फिरले. दोर फुलांच्या माथ्यावरून पुसत गेला, गवत खालीच राहिलं. हळूहळू हैबतफुलानं माना टाकल्या. ते वाळून पार मोडलं आणि मधून हिरवं गवत वर आलं, तेव्हाच धुरपानं गुरं पुन्हा आत सोडली.

महाराज हत्तीवर बसून पाहणीला आले. दोष सापडेना, म्हणून पुन्हा आले. मग रोजच येऊ लागले. एके दिवशी ते हौद्यातून ओरडले, "सापडलं! तिथं बघा, गवत पिवळं पडलंय!"

खरंच एक मोठा गोल पिवळा पडला होता. धुरपा जवळ गेली, वाकली, वास घेतला आणि नाकाला पदर लावून मागं फिरली.

"महाराज, मागच्या पाहणीला आपला हत्ती इथंच उभा होता. त्यानं जे सोडलं, ते पंतांच्या दवाखान्यातलं नव्हे."

सगळे जमिनीकडं बघू लागले. महाराजांनी वर तोंड करून विचारलं, "म्हणजे गुन्हेगार आमचा हत्ती?"

"मी कुठं तसं म्हणते? फूल आपण आणलं, हत्तीही आपणच आणला. या गायरानात आमचं म्हणाल तर नुसतं गवत आहे. तेवढं आम्हाला राहू द्या."

महाराज असे हसले की हौदा हलू लागला आणि माहुतानं हत्तीचे कान घट्ट धरले. तिथंच त्यांनी गायरान कायमचं गावच्या गुरांना दिलं, धुरपाला साडीचोळी आणि दुभती म्हैस दिली, आणि यापुढं गायरानात हत्ती आणायला मनाई केली.

हुकूम लगेच लागू झाला. महाराजांना राजवाड्यापर्यंत पायी जावं लागलं.