ओली छाती

"...मग कफनी द्यायला अडतंय कुठं, बाबा?"

लतीफशा फकिरांचे डोळे मिटलेले. बोटं तेवढी माळेवर सरकत होती.

धोंडोपंत मास्तर महिनाभर हेच विचारत होते. त्या वाळवंटात कोसन्‌कोस पाणी नाही. एकुलत्या एका डबक्याकाठी फकिरांची झोपडी. आपल्या अंगी वैराग्य बाणलंय हे आपल्याला कळतं, मग या म्हाताऱ्याला कसं कळत नाही, याची मास्तरांना भारी चीड येई.

तेवढ्यात पाण्याकाठी फडफड झाली. पखुर्डीचा नर, वाळूच्याच रंगाचा, कबुतराएवढा. कुणीतरी लावलेल्या फासात त्याचा पाय अडकला होता. छातीपोटाची पिसं ओलीचिंब.

मास्तर धावले. फास सोडवला. एवढ्या ओझ्यानं बिचारा उडणार कसा, म्हणून उपरण्यानं त्याची छाती टिपून टिपून कोरडी केली. मग फकिरांचे डोळे उघडेपर्यंत त्याला हातातच धरून ठेवलं. भूतदया कुणी पाहिलीच नाही तर उपयोग काय!

बाबांनी डोळे उघडले तसं मास्तरांनी त्याला सोडलं. पाखरू भेदरून सुसाट गेलं.

"पाहिलंत, बाबा?"

"पाहिलं... त्याची पिल्लं असतील दोन-चार कोसांवर. त्यांना अजून उडता येत नाही. बाप इथं येतो, छाती भिजवतो, तशीच घेऊन जातो. पिल्लं ती पिसं चोखतात."

मास्तरांनी ओलं उपरणं खांद्यावर टाकलं.

"आता घाबरलंय. आज परत यायचं नाही ते."

फकिरांनी माळ बाजूला ठेवली.

"तुला लेकरं किती, मास्तर?"

"दोन मुली. लहान आहेत. पण त्या सगळ्यावर मी कधीच पाणी सोडलंय."

"तू सोडलंस," फकीर म्हणाले. "तो नेत होता."

मास्तरांना लाज वाटली; लाजेपेक्षा राग जास्त आला.

"मी दयाच केली ना, बाबा? मला काय ठाऊक त्याची पिल्लं! एकदाच काय ते सांगा. कफनी देणार की नाही?"

फकीर उठले. मास्तरांच्या खांद्यावरचं उपरणं ओढून त्यांनी ते पिळलं. चार थेंब वाळूवर पडले. वाळूनं ते लगेच पिऊन टाकले.

मग ते उपरणं त्यांनी मास्तरांच्या गळ्यात घातलं.

"घे. हीच तुझी कफनी."