डाळिंबाचा डाव

एका राज्यात रणधवल नावाचा राजा होता. त्याच्या घराण्याची रीत अशी, की बुद्धिबळाचा डाव पणजोबांच्या चालीनेच सुरू करायचा. घोडे उधळायचे, आणि मागे वळून बघणाऱ्याला भित्रा म्हणायचे. कालकेतू जादूगाराला ही चाल तोंडपाठ होती. त्याने राजाला हरवले आणि लाकडी हत्ती करून आपल्या पटावर ठेवले.

राजकन्या पद्मगंधा वडिलांना सोडवायला त्याच्या गुहेत गेली. जादूगार म्हणाला, "तीन डाव. एक जिंकलीस तर हत्ती तुझा. तिन्ही हरलीस तर तूही पटावर."

पहिल्या डावात तिने पणजोबांचे घोडे काढले. हरली, आणि गुडघ्यापर्यंत लाकूड झाली. दुसऱ्या डावात तिने जादूगाराचीच चाल उचलली, वजीर थेट मैदानात. उसनी पगडी ती, डोळ्यांवर यायचीच. आता कंबरेपर्यंत लाकूड झाले.

तिसऱ्या डावाआधी तिने शिदोरीतले डाळिंब सोलायला घेतले. गुहेच्या तोंडाशी एक भारद्वाज पक्षी बसला होता. त्याने विचारले, "राजकन्ये, तुझे पणजोबा डाळिंब कसे खात?"

"खांबावर आपटून."

"आणि तू?"

तिने ओंजळीत पाहिले. दाणान् दाणा सुटा करून ठेवलेला, एकही अजून तोंडात गेला नव्हता. तिला हसू आले. भीती होतीच, पण आता प्रथमच खेळावेसे वाटले.

तिने प्यादी एकेक घर सरकवली, एकमेकांच्या आधाराने. आपल्या बाजूच्या राजाला कोपऱ्यात हत्तीच्या आड बसवले. घाई म्हणून केली नाही.

जादूगाराने जांभई दिली. "खेळतेस की झोपतेस?"

"सोलते आहे."

असला डाव त्याने कधी पाहिला नव्हता. कंटाळून त्याने वजीर आत घुसवला. प्याद्यांनी मागची वाट बंद केली आणि वजीर मारला. मग सावकाश शह, आणि एका चिमुकल्या प्याद्याने मात.

लाकडी हत्ती शिंकला आणि रणधवल राजा उठून उभा राहिला. पटावरचे सगळे मोहरे माणसे झाले. पद्मगंधेचे पाय मोकळे झाले, ती वडिलांच्या गळ्यात पडून आनंदाने रडली. कालकेतू मात्र उंट होऊन पटावर बसला. तिरके चालणे त्याच्या अंगवळणीच होते.

तेव्हापासून त्या राज्यात मुलांना आधी डाळिंब देतात, मग त्यांच्याजोगती चाल शिकवतात. पहिले डाळिंब राजालाच दिले. त्याने ते खांबावर आपटले आणि सारा दरबार लाल झाला.

पद्मगंधेने तोंड पुसले. "आबासाहेब, तुम्ही घोडेच काढा. फक्त आधी मागे बघा."

त्यांचा डाव रंगला, तसा तुमचाही रंगो.