विनंती थांबा

“किती गेल्या?” आबामहाराजांनी विचारलं.

“काय, महाराज?”

“बस.”

“चार!” नरहरीबुवांनी उपरण्यानं मानेवरचा घाम पुसला. “चार बस डोळ्यांदेखत गेल्या, एक थांबेल तर शपथ! कसलं हे शहर? माणुसकी म्हणून औषधाला नाही.”

महाराज सरकारी दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. पाच वाजून गेले होते.

पहाटे महाराजांनीच नरहरीबुवांना फोन करवला होता. माई सारखं तुझं नाव घेतेय, दुपारच्या आत ये. महाराज म्हणजे बुवांचे गुरू आणि माई त्यांची पत्नी. पोरक्या नरहरीला तिनं नऊ वर्षं पोटच्या पोरासारखं जेवू घातलं होतं. तिच्या औषधपाण्यासाठी म्हातारा-म्हातारी महिनाभर या परक्या गावात येऊन पडली होती.

बुवा नऊलाच एसटीतून उतरले. तिथून दवाखाना सिटी बसनं अर्ध्या तासावर. म्हणजे वेळेत होते की नाही? चांगले वेळेत होते.

पण नरहरीबुवा म्हणजे आता बडं प्रस्थ. तालुक्यात त्यांचं कीर्तन असलं की मांडवाबाहेरसुद्धा माणसं बसायची. ते रस्त्याला नुसते दिसले तरी एसटीचा ड्रायव्हर आपणहून गाडी उभी करायचा, कंडक्टर खाली उतरून पाया पडायचा. कुणाला काही सांगायची सवयच मोडली होती हो त्यांची.

इथेही ते थांब्यावर तसेच उभे राहिले. कपाळाला गंध, डोक्याला फेटा, खांद्यावर रेशमी उपरणं. हात मागे बांधलेले.

पहिली बस सुसाट गेली. गर्दी असेल, बुवा मनात म्हणाले. दुसरी अर्धी रिकामी होती, तीही गेली. तिसरीच्या ड्रायव्हरनं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी ड्रायव्हरकडे पाहिलं, आणि बस गेली.

फुलांची पाटी घेऊन एक बाई आली. तिनं हात केला, तिची बस थांबली. चढता चढता ती म्हणाली, “बाबा, तुम्हाला कुठं जायचंय?”

बाबा! बुवांनी तोंड फिरवलं.

चौथीही गेली तेव्हा ते चालू लागले. रिक्षा होत्या, नाही असं नाही. पण रिक्षालाही हातच करावा लागतो.

मोठ्या चौकात एक बस आपली आपण उभी होती. बुवा चढले.

“कुठलं देऊ?” कंडक्टरनं विचारलं.

आता ही बस कुठं जाते ते मला ठाऊक नाही, असं याला सांगायचं?

“शेवटचं,” बुवा म्हणाले.

शेवटचा थांबा दगडाच्या खाणींपाशी निघाला. गावाबाहेर, उलट्या टोकाला. तिथून भर उन्हात पायी परत. भाजी मंडई लागली, मशीद लागली, कौलांचा कारखाना लागला, एकच घड्याळाचा मनोरा दोनदा लागला. कोपऱ्याकोपऱ्यावर चहाच्या टपऱ्या, टपऱ्यांवर माणसं. तंगड्या मोडेपर्यंत चालले, पण दवाखाना कुठं म्हणून एकालाही विचारलं नाही. शेवटी गर्दीत अडकलेली एक ॲम्ब्युलन्स दिसली. तिच्या मागोमाग चालत आले.

हे सगळं त्यांनी महाराजांना तावातावानं सांगितलं. ड्रायव्हर कसा माजलेला, बाई कशी आगाऊ, बसवरच्या पाट्या कशा वाचता येत नाहीत. महाराज ऐकत होते.

“त्या थांब्यावर पाटी असेल ना?”

“होती.”

“काय लिहिलं होतं?”

“विनंती थांबा.”

“मग केलीस?”

“काय?”

“विनंती.”

आणि मग एकदम, भलत्याच उशिरा, आपण कशासाठी आलो होतो ते बुवांना आठवलं.

“माई... माई कशा आहेत?”

“दोन वाजता गेली.”

“मला काही... माझ्यासाठी काही म्हणाल्या?”

“नर्सबाई दार लोटून घेत होत्या. तर माई म्हणाली, उघडंच असू द्या. माझा नरहरी लाजाळू आहे. दार लावलेलं दिसलं तर कुणाला विचारायचा नाही, तसाच माघारी जाईल.”

लाजाळू! जेवायला वाढा म्हणून हा पोरगा कधी तोंडानं मागत नव्हता, तेव्हापासून ती माउली त्याच्या ताठ्याला लाज समजत आली होती. मरेपर्यंत तेच समजत राहिली. बुवा पायरीवरच ढसाढसा रडले. फेटा सुटून गळ्यात आला. त्यांनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवायला हात पुढे केले.

महाराजांनी पाय मागे घेतले.

“मला शिक्षा करा, महाराज. वाटेल ती करा.”

“ऊठ. अंधार पडायच्या आत तिला न्यायची आहे.”

“मी आहे ना. मी देतो खांदा.”

“देशील की. तू, मी, आणि तिच्या शेजारच्या खाटेवर बाई आहेत, त्यांचा भाऊ येतो म्हणाला.” महाराजांनी तीन बोटं वर धरली आणि त्या बोटांकडे नुसते पाहत राहिले. “तिघं झालो. चौथा हवा.”

“चौथा मी कुठून आणू? या गावात मी कुणालाही ओळखत नाही!”

फाटकाबाहेरून माणसांची रीघ घरी चालली होती. महाराजांनी तिकडे पाहिलं, मग बुवांकडे.

“अरे, दिवसभर शहर हिंडलास. एखादा तरी माणूस भेटला असेल. त्याला बोलाव.”