पोस्टकार्डावरचे अध्यक्ष

गावच्या पहिल्या बेसबॉल संघातल्या म्हाताऱ्यांचे फोटो पोस्टकार्डांवर छापायचे ठरले. पहिलं कार्ड होतं त्यांच्यातल्या गेडामबाबांचं. जन्मात बॅट न धरलेले संघटनेचे अध्यक्ष विश्वासराव छापखान्यात येऊन गुरगुरले, "प्रत्येक कार्डावर माझा फोटो पाहिजे, मानाच्या जागी! त्या गेडामला ढकला कोपऱ्यात."

छापखानेवाल्या द्वारकाबाईंच्या डोक्यात सणक गेली. गेडामबाबांचा उभ्या जन्मात हा पहिलाच फोटो छापून येणार होता. तरी त्या गोड हसल्या. "मानाचीच जागा देते, साहेब."

कार्डं निघाली. पुढं अख्ख्या कार्डभर चेंडू धरलेले गेडामबाबा. मागं, तिकिटाच्या जागी, अध्यक्ष. लोकांनी त्यांच्या तोंडावर तिकिटं चिकटवून कार्डं धाडली.

अध्यक्ष तणतणत आले. "बाई, ही मानाची जागा?"

"मग काय! सरकार दुसरीकडं कुठं तिकीट लावू देतं का? वर पोस्टातला माणूस स्वतः शिक्का हाणतो. गेडामबाबांच्या नशिबी कुठला एवढा मान!"