पाठ बघणारी राही

फार वर्षांपूर्वी, घाटात गाडीरस्ता झाला नव्हता आणि मिठापासून मिरचीपर्यंत सगळा माल तट्टांच्या पाठीवरून उतरायचा, तेव्हाची ही गोष्ट. घाटाच्या पायथ्याशी सांगवण नावाचं गाव होतं. तिथं येसू नावाची बाई चामखिळी काढायची.

मानेवर, काखेत, गळसरी घासते तिथं माणसाला बारीक देठाची मऊ बोंडं लोंबायला लागतात, त्यांचं हे काम. विद्या सासूची. जाताना सासूनं ओसरीवरचा आपला पाट थोरल्या सुनेला दिला होता. येसू सुईच्या टोकावर बिब्ब्याचं तेल घेऊन चामखिळीला लावायची. चामखीळ जळायची, भोवतालची कातडीही जळायची. लोक सोसत. दुसरं कुणी नव्हतंच.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि राही घरात आली. तट्टूवाल्याची लेक. माहेराहून एक पांढरी घोडी घेऊन आली. घोडीच्या शेपटीचा एक केस ती उकळत्या पाण्यातून काढायची, चामखिळीच्या देठाला बांधायची आणि म्हणायची, "आता विसरून जा." आठ दिवसांत चामखीळ वाळून गळायची. डागसुद्धा राहायचा नाही. असं म्हणतात, त्या घोडीचे कितीही केस काढले तरी सकाळी शेपटी होती तेवढीच असायची.

आधी लोक येसूला लाजून मागच्या दारानं राहीकडे जात. पुढं पुढं पुढच्या दारानं येऊ लागले. येसू पाटावर बसलेली असायची, तिला रामराम घालायचे आणि परसात जायचे. तो रामराम येसूला बिब्ब्यासारखा लागायचा.

त्याहून वाईट म्हणजे राही निम्म्या लोकांना तशीच परत पाठवायची. "दुखतंय का? पदराला अडकतंय का? नाही ना? मग राहू द्या. कातडीनं हौसेनं घातलेला दागिना समजा." पापणीवरच्या चामखिळीला ती हात लावायची नाही. आणि परत गेलेले लोक गावभर तिचंच कौतुक करत. येसू मनात म्हणायची, मी हात भाजून घेते आणि हिचं नाव काही न करता होतं. तिच्या स्वतःच्या मानेवर सात चामखिळी होत्या. खाजायच्या, गळसरीच्या दोऱ्यात गुंतायच्या. पण राहीपुढं मान वाकवायची नाही म्हणून ती उकाड्यातही पदर गळ्याभोवती घट्ट घ्यायची.

एका दिवाळीला, पहिल्या आंघोळीला, राही रीतीप्रमाणं थोरल्या जावेच्या पाठीला तेल लावत होती. डाव्या खांद्याखाली तिचा हात थांबला.

"जाऊबाई, हा डाग कधीपासून वाढतोय?"

"कसला डाग?"

"काळा आहे. कड वेडीवाकडी. मागच्या दिवाळीला तिळाएवढा होता, आता चिंचोक्याएवढा झालाय."

"मग बांध की तुझा केस."

"याला केस चालत नाही आणि बिब्बाही नाही. ही चामखीळ नव्हे. घाटावरच्या शस्त्रवैद्याला दाखवू या."

येसूनं पाठीवर पदर ओढला. "पाट पाहिजे असेल तर तसं सांग. त्यासाठी मला घाटावर कशाला धाडतेस?"

राही उठून गेली. त्यानंतर दोघींचं बोलणं बंद झालं. संक्रांतीच्या सुमारास डागातून रक्त यायला लागलं. येसू चोळी आपली आपण धुवायची, पण वाळत घातलेल्या चोळीवरचा लालसर ठिपका राहीनं पाहिला.

दुसऱ्या दिवशी राहीनं परसाचं दार लावलं. आलेल्या माणसांना तिनं सांगितलं, "पाट जाऊबाईंचा आहे. यापुढं मी कुणाच्या अंगाला हात लावणार नाही. तिकडं जा."

सगळी माणसं येसूपुढं येऊन बसली. किती वर्षांनी ओसरी भरली होती. येसू दुपारपर्यंत सुखात होती. दुपारनंतर तिनं सुई खाली ठेवली. ज्याच्यासाठी मी हिच्यावर जळले, ते हिनं असं सोडून दिलं. म्हणजे ही पाटासाठी बोलत नव्हती. ही खरंच बोलत होती.

ती परसात गेली आणि राहीकडे न बघता म्हणाली, "कधी निघायचं?"

उजाडताच दोघी निघाल्या. येसू घोडीवर, राही लगाम धरून पायी. घाटाची वाट तीन दिवसांची. असं म्हणतात, घोडीनं ती दिवेलागणीच्या आत तोडली; दगड तिच्या खुरांखालून आपणहून बाजूला होत होते, आणि राही सबंध वाट पळत होती तरी तिला धाप लागली नाही.

शस्त्रवैद्यानं डाग मुळासकट काढला. टाके घालून झाल्यावर म्हणाला, "आणखी दोन महिने गेले असते, तर माझ्या हातात काही राहिलं नसतं. कुणाच्या नजरेला पडलं हे?"

येसूला शस्त्र सोसलं होतं, हे उत्तर सोसेना. तरी ती म्हणाली, "माझ्या धाकट्या जावेच्या."

घरी आल्यावर तिनं ओसरीवर दुसरा पाट मांडला. म्हणून हेवा गेला असं समजू नका. माणसं राहीपुढं जास्त बसत आणि येसूला ते शेवटपर्यंत सलत राहिलं. जीव वाचवला, याचाही तिला हेवाच वाटायचा. हे आपल्याला का साधलं नाही, म्हणून. पण मानेवरच्या सातही चामखिळी तिनं राहीकडूनच काढून घेतल्या.

राही आधी गेली. असं म्हणतात, त्या दिवशी घोडी एकटीच घाट चढून गेली आणि ओल्या मातीत तिचं एकही पाऊल उमटलं नाही. तेराव्याला गावातल्या बाया जमल्या, तेव्हा म्हातारी येसू म्हणाली, "आपली पाठ आपल्याला दिसत नाही. आता माझी कोण बघेल?"

तेव्हापासून सांगवणात दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला थोरली जाऊ पुढं बसते आणि धाकटी मागं बसून तिची पाठ निरखते. एरवी एकमेकींशी बोलत नसल्या तरी बसतात. नुसती चामखीळ असेल तर हसून सोडून देतात. काळं, वाढतं, रक्त येणारं काही दिसलं, तर भाऊबीज उरकून तालुक्याच्या दवाखान्याची वाट धरतात. धाकटीचं नाव काहीही असो, त्या सकाळी थोरली खांद्यावरचा पदर काढते आणि एवढंच म्हणते, "बघ गं राही."